सोनूच्या दप्तरातल्या त्या पेनाविषयी

लेस्टर,
१२ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप आई आणि अण्णांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

अण्णांच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन दोनच आठवडे झालेत, म्हणून हे पत्र आईनं वाचून दाखवायचं. दादा-वहिनींना नंतर सांगा, आणि सोनूच्या हाती तर देऊच नका. सोयाबीन पाण्यात गेल्याचं दादानं सांगितलं. पंचनामा झाला की नाही तेवढं कळवा, बाकी फोनवर बोलू.

बुधवारी अण्णांनी जे विचारलं त्याचं उत्तर राहून गेलं. सोनू लातूरहून सुट्टीला आला, त्याच्या दप्तरात निळी, जाड पेनासारखी वस्तू सापडली. आई पेन ड्राइव्ह समजून ती टेबलावर ठेवायला गेली तर तिला आंब्याचा वास आला. ती व्हेप होती, बॅटरीवर चालणारी ई-सिगारेट. मग रागावल्यावर पोरगं म्हणालं, "आत्या तिकडं ह्याच खात्यात आहे, विचारा तिला. तिकडं सरकार फुकट वाटतं हे. सिगारेटपेक्षा ९५ टक्के कमी धोका." अण्णा, तुम्ही विचारलंत, "खरं आहे का गं?" मी म्हणाले, "खरं आहे, पण..." आणि तुम्ही फोन ठेवून दिला. 'पण' ऐकून घ्यायची सवय तुम्हाला दुकानातही नव्हती. तर हा तो 'पण'.

पोरगं खोटं बोललं नाही. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्यानं २०१५ साली हा ९५ टक्क्यांचा आकडा खरंच छापला होता. त्याच्या मुळाशी काही तज्ज्ञांनी एकत्र बसून बांधलेला अंदाज होता, आणि त्यावर इथल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकानं तेव्हाच टीका केली होती. आकडा बाजूला ठेवला तरी मूळ मुद्दा इथले बहुतेक डॉक्टर मानतात. सिगारेटमध्ये तंबाखू जळतो, त्याचं डांबर छातीत बसतं. व्हेपमध्ये जळत काही नाही. बॅटरीनं एक बारीक तार तापते, ग्लिसरीनसारख्या द्रवाची वाफ होते, तिच्यातून निकोटीन आणि आंब्याचा वास आत जातो. वीस-पंचवीस वर्षं सिगारेट ओढणाऱ्याला ती सोडवायला ह्याचा उपयोग होतो, निकोटीनच्या गम आणि पट्ट्यांपेक्षा जास्त होतो, हेही अभ्यासांतून दिसलंय. म्हणूनच सरकारनं २०२३ मध्ये दहा लाख सिगारेट ओढणाऱ्यांना हे किट द्यायची योजना जाहीर केली.

पण ती सिगारेट ओढणाऱ्यांना. आबामामांना दवाखान्यातून इन्शुलिन मिळतं म्हणून आपण ते सोनूला टोचतो का? त्यानं आजवर सिगारेटला हात लावलेला नाही (असं तो म्हणतो, आणि मला ते खरं वाटतं). मग त्याचा धोका कमी झाला तो कशापेक्षा? दिवाळीपर्यंत बघा, सकाळी उठल्याउठल्या त्याचा हात उशीखाली जातोय का. निकोटीन ते निकोटीनच, आंब्याचं असो की तंबाखूचं. आणि अठराच्या आतल्याला हे विकणं इकडंही २०१५ पासून गुन्हा आहे. ते त्याच्या व्हिडिओत नव्हतं वाटतं.

त्यानं मला तो व्हिडिओ पाठवलाय. सुटाबुटातला एक माणूस, मागं आलेख, शांत आवाज. मी विचार करत बसले, की इंग्लंडच्या खात्याचा दहा वर्षांपूर्वीचा आकडा लातूरच्या होस्टेलमध्ये नीटच्या पुस्तकांमध्ये येऊन पडला कसा? असे आकडे आपोआप एवढे चालत नाहीत. कुणीतरी त्यांना गाडीभाडं देतं.

इथं मला माझ्या कामाबद्दल सांगायला हवं, कारण सात वर्षं झाली तरी आई शेजारी "ती कौन्सिलात आहे" एवढंच सांगते. आपल्या दुकानात वजनमापेवाले यायचे, आठवतं? ते येणार म्हटलं की आई पितळी वजनं चिंचेनं घासून ठेवायची आणि अण्णा चहाला पाठवायचे. तो वजनमापेवाला म्हणजे आता मी. काटे तपासणं आहेच, पण निम्मं काम ह्या व्हेपचं. टाकीत २ मिलीपेक्षा जास्त द्रव चालत नाही, एका मिलीत २० मिलीग्रॅमपेक्षा जास्त निकोटीन चालत नाही, आणि विकायच्या आधी मालाची सरकारकडं नोंद लागते. अठराच्या आतला एखादा स्वयंसेवक आम्ही दुकानात पाठवतो आणि बाहेर गाडीत बसून राहतो. पोरगं माल घेऊन बाहेर आलं की माझं पोट ढवळतं, कारण मग आत जाऊन बोलायचं मला असतं.

ह्या धंद्याच्या इथं दोन मोठ्या संघटना आहेत. एक यूकेव्हीआयए, म्हणजे यूके व्हेपिंग इंडस्ट्री असोसिएशन, २०१६ साली सुरू झाली. तिच्या सभासदांत मोठमोठ्या सिगारेट कंपन्यांचे व्हेपवाले विभाग वर्षानुवर्षं बसलेले होते. दुसरी आयबीव्हीटीए, म्हणजे इंडिपेंडंट ब्रिटिश व्हेप ट्रेड असोसिएशन. ती म्हणते, आमच्यात सिगारेट कंपनीचा पैसा नाही, आणि तेच ती आपल्या पाटीवर मिरवते. एकाच धंद्यातल्या दोन संघटनांत हा फरक इतका मोठा का मानतात, ते समजून घ्यायला मला दोन वर्षं लागली.

दोघींचं म्हणणं ऐकलं तर पुष्कळसं पटतं, हेही सांगते. परवाना द्या, म्हणजे कुणीही उठून विकणार नाही. चोरटा माल विकणाऱ्याला जबर दंड करा. बंदी घातली तर माल थांबणार नाही, फक्त अंधारात जाईल. हे शेवटचं मी रोज डोळ्यांनी बघते. १ जून २०२५ पासून इकडं एकदा वापरून फेकायच्या व्हेपवर बंदी आली. आठवड्याला पन्नास लाख असे व्हेप कचऱ्यात जात होते असा २०२३ चा अंदाज होता. बंदी आली आणि त्याच कंपन्यांनी त्याच डबीला चार्जिंगचं भोक आणि बदलायची नळी लावून जवळजवळ त्याच किमतीला पुन्हा मांडली. कायदा पाळला. कचरा किती कमी झाला ते मला माझ्या रस्त्यावर तरी दिसेना.

पण ह्याच संघटना वासांवर मर्यादा आणायची म्हटली की उभ्या राहतात. वास हे मोठ्या माणसाला सिगारेटपासून तोडायला लागतात, म्हणतात. असेल. मोठ्या माणसांनाही आंबा आवडतो. १ ऑक्टोबर २०२६ पासून १० मिली द्रवावर २.२० पौंड कर बसणार आहे, आपले अडीचशे रुपये धरा. त्यालाही त्यांचा विरोध, गरीब सिगारेट सोडणाऱ्यावर बोजा पडेल म्हणून. गरिबाची आठवण कराच्या वेळेला सगळ्यांनाच येते.

अण्णा, तुम्ही म्हणाल, संघटना असली म्हणून काय झालं, आपलीही व्यापाऱ्यांची होती. होती ना. म्हणून तर लिहितेय. पण सिगारेटवाल्यांची संघटना ही वेगळी गोष्ट आहे. अमेरिकेत १९५८ साली त्यांनी टोबॅको इन्स्टिट्यूट नावाची संस्था काढली. नाव ऐकून कुणालाही वाटावं, विद्यापीठ आहे. चाळीस वर्षं तिनं एकच काम केलं. सिगारेटनं कॅन्सर होतो हे पक्कं ठरलेलं नाही, अजून संशोधन व्हायला हवं, असं म्हणत राहायचं. १९९४ मध्ये सात कंपन्यांचे प्रमुख अमेरिकी संसदेच्या समितीपुढं शपथेवर म्हणाले की निकोटीनचं व्यसन लागतं असं आम्हाला वाटत नाही. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या राज्यांशी झालेल्या तडजोडीत ती संस्थाच बंद करावी लागली. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू करारात ५.३ हे कलम आलं. आरोग्याचे नियम करताना तंबाखूच्या धंद्याचे हितसंबंध लांब ठेवा, असं ते कलम सांगतं. भारतानं आणि ब्रिटननं दोघांनी २००४ मध्येच त्या कराराला मान्यता दिली. आता इथला वाद असा, की व्हेपवाला म्हणजे तंबाखूवाला का? ज्याच्या मागं सिगारेट कंपनी नाही तो म्हणतो, मला त्यांच्या पापात मोजू नका. ज्याच्या मागं आहे तो म्हणतो, आम्ही आता सुधारलोय.

तुमच्या काळजीसाठी एक गंमत सांगते. इथं व्हेप विकणारी बीएटी, म्हणजे ब्रिटिश अमेरिकन टोबॅको, ही कंपनी आपल्या सिगारेटवाल्या आयटीसीची सगळ्यात मोठी भागधारक आहे. तिच्यानंतर आपली एलआयसी. म्हणजे तुम्ही तीस वर्षं ज्या पॉलिसीचे हप्ते भरलेत त्यातले काही पैसे सिगारेटच्या पाकिटात फिरून आलेत. २०१९ मध्ये सरकारनं व्हेपवर बंदी आणली तेव्हा व्हेपवाल्यांनी नेमकं ह्यावरच बोट ठेवलं, की बिडी-सिगारेट खुशाल चालू आणि आम्हीच बंद कसे? प्रश्न चुकीचा नव्हता. विचारणारा आपल्या गल्ल्यासाठी विचारत होता एवढंच.

आता २०१२ ची गोष्ट. मी तेव्हा बारावीत होते, तुम्हाला वाटतं मला आठवत नाही. जुलैमध्ये सरकारनं गुटखा बंद केला. उदगीरच्या व्यापाऱ्यांची बैठक झाली, निवेदन तयार झालं. त्यात लिहिलं होतं की हजारो कुटुंबांच्या पोटावर पाय येईल आणि माल सीमेपलीकडून येतच राहील. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. बिदर काही लांब नाही, आजही येतो. तुम्ही निवेदनावर सही केलीत आणि घरी येऊन जेवला नाहीत, कारण त्याच महिन्यात शेजारच्या काकांचा गाल कॅन्सरपायी कापावा लागला होता. पुढं तुम्ही गुटखा ठेवणं सोडलंत. तालुक्यात सगळ्यांना ते अभिमानानं सांगताही. पण मधले दोन महिने, उरलेला माल संपेपर्यंत, पुड्या गल्ल्याखालून जात होत्या. मी काउंटरवर बसायचे अण्णा, मीही दिल्यात.

हे तुम्हाला लाजवायला लिहीत नाही. जूनमध्ये एका छोट्या दुकानात गेले होते. बंदी येऊन आठवडा झाला होता. म्हातारा गुजराती दुकानदार, पायात चपला तुमच्यासारख्याच. काउंटरच्या खालच्या खणात जुने व्हेप सापडले, चाळीसेक. तो म्हणाला, "बेन, जुना माल आहे, संपला की बंद." पहिल्या वेळेला २०० पौंड दंड आहे. मी पावती फाडली. गाडीत येऊन बसले आणि बराच वेळ चावी लावली नाही.

तर नियम करायच्या आधी संघटनेला बोलावून तिचं ऐकून घ्यावं, तेही उघड सभेत, कोण काय म्हणालं ते लिहून ठेवून, असं मला वाटतं. नियम कुठं पाळता येत नाही हे त्या म्हाताऱ्यालाच आधी कळतं, लंडनच्या अधिकाऱ्याला नाही. पण नियमाचा कागद लिहायला बसायची वेळ आली की तिनं बाहेर जावं. आणि बोलायच्या आधी वर्गणी कोण भरतं ते सांगावं. आमच्या कचेरीत ह्यावरून माझं वाजतं. काहीजण म्हणतात, चोरटा माल पकडायला त्यांची माहिती लागते, उगाच ताणू नकोस. इथं एक नवीन विधेयक २०२४ मध्ये संसदेत आलं. विकायला परवाना लागेल, आणि १ जानेवारी २००९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला तंबाखू कधीच विकायचा नाही, असं त्यात आहे. परवान्याचं कलम संघटना स्वतःच मागत होती, म्हणून मी ते दोनदा वाचलं.

आपल्याकडं तर वाद घालायलाही जागा नाही. २०१९ च्या कायद्यात बनवणं, आणणं, विकणं, जाहिरात सगळं बंद. पहिल्या गुन्ह्याला वर्षभरापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तरी ते लातुरात पोचलं. त्यात निकोटीन किती, द्रव कसला, हे तपासणारं तिथं कुणी नाही, कारण कागदावर ती वस्तूच नाही. इकडं निदान मला टाकी मोजता येते. मला बंदी चूक वाटते असं नाही. सोनूच्या वयाच्या पोरांना ते टपरीवर उघड टांगलेलं दिसत नाही हा फायदा मोठा आहे. पण बंदीवर सही झाली की काम झालं असं समजायची आपली जी सवय आहे ना, ती गुटख्यापासूनची.

आता करायचं काय. त्याला मारू नका. दादाला आधी सांगितलंत तर तो मारेल, म्हणून आधी तुम्ही बोला. कुणाकडून घेतलं ते विचारा, पण पोलिसाच्या आवाजात नको. रविवारी तुमच्या संध्याकाळी सातला मी त्याला वेगळा फोन करते. व्हिडिओतला माणूस कोण, त्याला पैसे कोण देतं, हे त्यालाच शोधायला लावणार आहे. पोराला गणित आवडतं.

आणि ती वस्तू चुलीत, बंबात किंवा कचऱ्याबरोबर जाळू नका. आत लिथियमची बॅटरी आहे, फुटते. डब्यात ठेवा, मोबाइल दुरुस्तीवाल्याकडं जुन्या बॅटऱ्या घेतात का विचारून तिथं द्या.

अण्णांनी थेंब वेळेवर टाकावेत, आणि महिनाभर शेतात धुळीत जाऊ नये.

तुमची,
माई

ता. क. आई, हे तुला मोठ्यानं वाचावं लागेल, त्याला माझा इलाज नाही. फडताळात वरच्या कप्प्यात, हळदीच्या बरणीमागं मिसरीचा डबा अजून आहे हे मला वहिनीनं सांगितलंय. सोनूशी बोलायच्या आधी तो तिथून हलव.