शिट्टीमागच्या कारकिर्दीचीही नोंद व्हावी

महोदय,
क्रीडापानावर गोल करणाऱ्यांना जागा मिळते, पंच मात्र चुकला तरच बातमीत येतो, म्हणून अमेरिकेच्या केटी ग्वे यांच्याविषयी हे चार शब्द. ब्राउन विद्यापीठाच्या संघातून आइस हॉकी खेळलेल्या ग्वे पुढे पंचगिरीकडे वळल्या आणि २०१८ च्या प्योंगचँग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये महिलांच्या स्पर्धेत त्यांनी पंच म्हणून काम पाहिले. अशा मोठ्या स्पर्धेत शिट्टी हातात असणे हे सोपे काम नव्हे! सप्टेंबर २०१९ मध्ये नॅशनल हॉकी लीगने (उत्तर अमेरिकेतील आइस हॉकीची सर्वोच्च व्यावसायिक लीग) नवोदित पुरुष खेळाडूंच्या स्पर्धांसाठी चार महिलांना नेमले, त्यांत त्या होत्या. तर ऑक्टोबर २०२१ मध्ये, नॅशनल हॉकी लीगच्या लगेच खालची समजल्या जाणाऱ्या अमेरिकन हॉकी लीगमध्ये मुख्य पंच म्हणून उतरणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. धिप्पाड पुरुष खेळाडूंमध्ये त्यांच्याच वेगाने स्केटिंग करत क्षणार्धात निर्णय द्यायचा, यात जुन्या खेळाडूची नजर कामी येत असणार, असे मला वाटते. आपल्या पानावर अशा पंचांवरही अधूनमधून लेख यावेत, ही विनंती.

— एक नियमित वाचक, पुणे