हेड व्हॉइस म्हणजे खोटा आवाज नव्हे

मा. संपादक, स. न.

रविवारच्या पुरवणीतल्या ऑपेरावरील लेखात ‘टेनरचे वरचे सूर म्हणजे शेवटी खोटा आवाजच’ असे वाक्य आहे. गेली बावीस वर्षे मी टेनर, म्हणजे पुरुषांच्या उंच पट्टीच्या आवाजात, गातो, म्हणून हे पत्र.

खोटा आवाज म्हणजे फॉल्सेटो. त्यात स्वरतंतू ताणून पातळ होतात, कडाच तेवढ्या थरथरतात, बहुधा मध्ये फटही राहते. हवा निसटते आणि दमसास लवकर संपतो. हेड व्हॉइस म्हणजे वरच्या सुरांसाठीचा भरीव आवाज. त्यात तंतू नीट मिटतात, तंतूंमधला स्नायू थोडा तरी काम करत राहतो. म्हणून तो सूर हळू लावला तरी पोकळ वाटत नाही. (व्याख्या गुरुगणिक बदलतात, हे कबूल. त्यावरून भांडणेही होतात.)

माझे शिक्षक वाद घालत नसत, परीक्षा घेत. वरचा ‘जी’ (पाश्चात्त्य स्वरनावांतला एक उंच सूर) अगदी हलका लावायचा आणि त्याच श्वासात फुलवत न्यायचा. हेड व्हॉइस असेल तर सूर भरत जातो. फॉल्सेटो असेल तर वाटेत एका जागी फाटतो. माझा आठ महिने रोज फाटत होता, तोही नेमका त्याच जागी. मग एकदा ‘आ’ किंचित ‘ओ’कडे झुकवला, हनुवटी सैल सोडली आणि तो सांधा ओलांडला गेला. शिक्षक फक्त म्हणाले, ‘परत.’

आज टेनरकडून अपेक्षित असलेला भरदार वरचा ‘सी’ तसा अलीकडचा. ड्यूप्रे या गायकाने १८३७ साली पॅरिसमध्ये रॉसिनीच्या ‘विल्यम टेल’ या ऑपेरात तो छातीच्या, म्हणजे बोलण्यातल्यासारख्या भरीव, आवाजात लावला आणि लोक वेडे झाले. खुद्द रॉसिनीला मात्र तो गळा चिरलेल्या कोंबड्यासारखा वाटला म्हणे! त्याआधी नूरी हा गायक तीच भूमिका हलक्या, मिश्र आवाजात गात असे. फॉल्सेटोही काही पाप नाही. बेल्लिनीच्या ‘प्युरिटानी’ या ऑपेरातल्या, त्या ‘सी’च्याही वरच्या ‘एफ’साठी प्रसिद्ध टेनर पाव्हारोत्तींनी ध्वनिमुद्रणात फॉल्सेटोच वापरला आहे. पण तो एक सूर. त्यावरून टेनरचा सगळा वरचा पल्ला खोटा ठरवायचा, हे अजब आहे.

लेखकाला मराठी शब्दच हवा असेल तर हेड व्हॉइसला ‘शिरस्वर’ म्हणावे. ‘खोटा’ तेवढे नको.

आपला,
एक टेनर