मुंबई शहर उत्तर मतदारसंघाचा इतिहास पोरांना सांगा

संपादक साहेब नमस्कार,

निवडणूक आली की टीव्हीवर दक्षिण मुंबई, उत्तर मध्य असलं सगळं चालू होतं, पण १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत ‘मुंबई शहर उत्तर’ नावाचा मतदारसंघ होता आणि तिथे खुद्द बाबासाहेब उभे होते हे माझ्या कॉलेजातल्या भाच्याला माहीतच नव्हतं, खूप वाईट वाटलं. तेव्हा काही ठिकाणी एकाच मतदारसंघातून दोन खासदार निवडून जायचे, एक जनरल आणि एक राखीव. राखीव जागेवर काँग्रेसचे नारायण काजरोळकर जिंकले, बाबासाहेब साधारण १४-१५ हजार मतांनी हरले. ज्यांनी घटना लिहिली त्यांना आपल्या मुंबईने लोकसभेत पाठवलं नाही, हे मला आजही पचत नाही. मग ते राज्यसभेवर गेले.

पुढे १९५७ ला संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत मुंबई शहर मध्य मधून कॉम्रेड डांगे आणि बाबासाहेबांनी काढलेल्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन पक्षाचे माने दोघेही निवडून आले, म्हणजे गिरणगावाने पाच वर्षात चित्रच पालटलं बघा. १९६१ च्या कायद्याने ही जोड मतदारसंघाची पद्धत बंद झाली आणि नावं बदलत गेली. निवडणुकीच्या पुरवणीत जुन्या मतदारसंघांचे नकाशे छापा ना प्लीज.

एक वाचक, परळ