आधी रक्ततपासणी, मग गहू बंद

मा. आरोग्यमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

सात वर्षं माझ्या केसपेपरवर एकच शब्द होता : आयबीएस, म्हणजे 'इरिटेबल बॉवेल सिंड्रोम', पोट वारंवार बिघडण्याचा आजार. पोट फुगायचं, कळा यायच्या, आठवड्यातले दोन-तीन दिवस जुलाबात जायचे. नवे डॉक्टर जुना कागद बघत आणि तेच निदान नव्या कागदावर उतरवत. 'टेन्शन घेऊ नका' हा सल्ला सोबत असायचाच, जणू टेन्शन मी हौसेनं घेत होते. लोहाच्या गोळ्या संपत, हिमोग्लोबिन मात्र जागचं हलत नसे. बाईचं रक्त कमी असण्यात नवल ते काय! पोट आणि रक्त यांचा काही संबंध असेल, हे कुणाला सुचलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही.

संबंध होता. अन्नातलं लोह मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं, आणि सीलिॲक आजाराचा पहिला घाव तिथेच बसतो. गहू, जव आणि राय या धान्यांतल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्यावर उलटते. आतड्याच्या अस्तरावरचे बारीक अंकुर झडून सपाट होतात, मग खाल्लेलं अंगी लागत नाही. कुणाची हाडं ठिसूळ होतात, कुणा मुलाची उंची खुंटते, कुणाला मूल राहत नाही. काहींना तर पोटाची तक्रारच नसते. जगात साधारण शंभरात एकाला हा आजार आहे आणि त्यातल्या बहुतेकांना त्याचा पत्ता नाही.

आयबीएस हा खोटा आजार आहे, असं मला मुळीच म्हणायचं नाही. त्या वेदना खऱ्याच असतात, फक्त आतड्याला इजा झालेली नसते. त्याचे निकष लक्षणांवर ठरतात : तीन महिने, आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोटदुखी, आणि तिचा शौचाशी संबंध. हे निकष मलाही चपखल लागू पडत होते. घोळ होतो तो इथेच. नुसत्या लक्षणांवरून हे दोन आजार वेगळे काढता येत नाहीत.

माझ्या बाबतीत पुढे आणखी एक घोळ झाला, आणि हे पत्र मुख्यतः त्यासाठी आहे. कुणीतरी सुचवलं म्हणून मी गहू सोडला. महिन्याभरात इतकं हलकं वाटू लागलं की हौसेनं जाऊन सीलिॲकची तपासणी करून घेतली. निगेटिव्ह! 'बघा, आयबीएसच आहे,' असं ऐकून घरी आले. ग्लूटेन बंद केलं की रक्तातली प्रतिपिंडं हळूहळू उतरतात आणि आतडंही भरून येऊ लागतं, म्हणजे आजाराचा पुरावाच पुसला जातो, हे मला तपासणीआधी कुणी सांगितलं नव्हतं. पुढे एका डॉक्टरांनी सहा आठवडे रोज गहू खायला लावून तपासणी पुन्हा केली. बरं वाटत असताना मुद्दाम आजारी पडण्याचे ते सहा आठवडे मी विसरणार नाही. या वेळी प्रतिपिंडं भरपूर वाढलेली होती, आणि एंडोस्कोपीत काढलेल्या आतड्याच्या तुकड्यानं उरलीसुरली शंका मिटवली.

उलटही घडतं, बरं का. गव्हात फ्रुक्टॅन नावाची कर्बोदकं असतात आणि आयबीएसच्या अनेक रुग्णांचं पोट त्यांनीच फुगतं. त्यामुळे गहू सोडून बरं वाटलं, एवढ्यावरून सीलिॲक ठरत नाही. एकाला जन्मभर कणभरही ग्लूटेन चालत नाही, दुसऱ्याला गहू थोडा कमी केला तरी पुरतं. तपासणी न करता दोघांनाही 'गहू सोडून बघा' म्हणणं म्हणजे एकाला अर्धवट उपचार आणि दुसऱ्याला विनाकारण शिक्षा.

म्हणून मागणी एवढीच : सरकारी दवाखान्यांच्या उपचार-नियमावलीत स्पष्ट लिहा की आयबीएसचं निदान पक्कं करण्याआधी टीटीजी-आयजीए ही सीलिॲकची प्रतिपिंडं शोधणारी रक्ततपासणी व्हावी, आणि तीही रुग्ण गहू खात असतानाच. सोबत एकूण आयजीए (या तपासणीत मोजल्या जाणाऱ्या प्रतिपिंडांचा प्रकार) मोजलं जावं, कारण ज्यांच्या रक्तात ते मुळातच कमी असतं, त्यांची तपासणी फसवी निगेटिव्ह येते. यात जगावेगळं काही नाही. ब्रिटनमधल्या 'नाइस' या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत, आयबीएसचा संशय असलेल्यांची सीलिॲकसाठी रक्ततपासणी करायला सांगितलेलंच आहे.

सीलिॲक रुग्णाच्या आई-वडील, भावंडं, मुलं यांच्यात हा आजार साधारण दहात एकाला निघतो. त्यांची तपासणीही याच नियमात बसवावी. माझ्या धाकट्या भावालाही काही वर्षांपासून 'आयबीएस' आहे. पुढच्या आठवड्यात त्याचं रक्त तपासायचंय. तोवर गहू सोडू नकोस, असं त्याला दोनदा फोन करून बजावलंय.

आपली नम्र,
एक रुग्ण