दैनंदिनीच्या नोंदी तारखेसह हाती आल्याशिवाय अपग्रेड करू नये, याबाबत तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

मी मणेराजुरी (ता. तासगाव, जि. सांगली) येथील द्राक्ष बागायतदार. तुमच्या ऑनलाइन दैनंदिनीची दरवर्षी वर्गणी भरणारा जुना ग्राहक आहे. खाते क्रमांक ई-मेलच्या विषयात दिला आहे.

महिनाअखेर संकेतस्थळ नव्या प्रणालीवर नेणार, जुन्या खासगी नोंदी तिकडे येतीलच याची हमी नाही, ज्यांना हव्यात त्यांनी त्या आपापल्या जतन कराव्यात, अशी तुमची सूचना मिळाली. तीही फक्त इंग्रजीत. जतन कशा करायच्या, तर एकेक पान उघडून मजकूर कॉपी करा नाहीतर स्क्रीनशॉट काढा. सगळ्या नोंदी एकदम उतरवून घ्यायची सोयच तुम्ही ठेवलेली नाही. माझी तक्रार त्याबद्दल आहे.

तुम्ही सांगितले तसे करून पाहिले. नोंदीची तारीख वरच्या वेगळ्या पट्टीत असते. मजकूर कॉपी केला की ती मागेच राहते. फोटो येतात ते नखाएवढे. स्क्रीनशॉटमध्ये तारीख दिसते, पण त्यात एखादा शब्द शोधता येत नाही, आणि इतक्या वर्षांच्या नोंदींत शोधता आले नाही तर त्या असून नसल्यासारख्या.

तारखेचे एवढे काय, असे तुमच्या कचेरीत कुणाला वाटेल म्हणून सविस्तर लिहितो. द्राक्षबागेत सगळा हिशेब छाटणीच्या तारखेपासून चालतो. एप्रिलमधली खरड छाटणी, मग सप्टेंबर-ऑक्टोबरमधली फळछाटणी. तिथून पोंगा (नवा कोंब) केव्हा फुटला, फुलोरा केव्हा आला, मण्यात पाणी केव्हा उतरले, हे सगळे आम्ही ‘छाटणीनंतर कितवा दिवस’ असेच बोलतो. 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाऊस थांबायचे नाव घेईना. फुलोऱ्यातल्या बागांत दावण्या (डाउनी मिल्ड्यू हा बुरशीचा रोग) शिरला, घड कुजले. त्या दिवसांत मी रोज संध्याकाळी लिहीत होतो: पान उलटून पाहिले तर खालच्या अंगाला पांढरी बुरशी कुठे दिसली, कोणत्या प्लॉटात फवारणी केली आणि ती पावसाने कधी धुऊन नेली, आगाप छाटलेल्या प्लॉटचे काय झाले, मागून छाटलेल्याचे काय. आजही छाटणीचा मुहूर्त धरताना मी आधी त्या नोंदी काढतो. त्यातली तारीख काढली तर नुसती हळहळ उरते, कामाचे काही उरत नाही.

बागेपुरतेच असते तरी मी एवढा जीव काढला नसता. वडील मिरजेला दवाखान्यात होते तेव्हा रात्री मोबाइलवर लिहिलेल्या नोंदी याच खात्यात आहेत. शुद्धीत असेपर्यंत ते बागेचेच विचारायचे. एका रात्रीची नोंद दोनच ओळींची आहे. तास-ए-गणेश ही आमच्या बागेतली द्राक्षाची जात. त्यांनी विचारले, ‘तास-ए-गणेशची विरळणी झाली का रे?’ आणि मी म्हणालो, ‘झाली आबा.’ ही नोंद मला तिच्या दिवसासकट हवी. ती दुसरीकडे कुठेही लिहिलेली नाही. आणि खात्याला पासवर्ड असल्याने इंटरनेट अर्काइव्हसारख्या, जुन्या वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या ठिकाणीही तिची प्रत सापडणार नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. तुमच्या नव्या आवृत्तीच्या चाचणी पानावर मी चार ओळी मराठीत लिहून जतन केल्या. परत उघडल्या तर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग. पुतण्या पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्याने नीट समजावून सांगितले. यूटीएफ-8 या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांची अक्षरे साठवायच्या पद्धतीत, देवनागरीच्या एका अक्षरचिन्हाला तीन बाइट लागतात. नवा डेटाबेस जुन्या, फक्त रोमन लिपीच्या एन्कोडिंगवर राहिला तर मराठी अक्षर त्यात बसत नाही आणि त्याच्या जागी प्रश्नचिन्हच साठवले जाते. एकदा तसे साठवले की मूळ अक्षर त्यातून परत काढता येत नाही. म्हणजे नोंदी ‘सुखरूप’ हलवल्या असे तुम्ही कळवाल आणि आमच्या हाती प्रश्नचिन्हे येतील. हे तुमच्या तंत्रज्ञांनी आजच तपासावे, हलवून झाल्यावर नव्हे.

अशा हलवाहलवीत काय होते ते जगाने पाहिले आहे. मायस्पेस या समाजमाध्यमाच्या संकेतस्थळाने 2019 मध्ये मान्य केले की सर्व्हर बदलताना लोकांनी वर्षानुवर्षे चढवलेली गाणी आणि फोटो गेले. उलट गूगलचे ऑर्कुट हे समाजमाध्यम 30 सप्टेंबर 2014 रोजी बंद झाले, तरी गूगलने लोकांना आपला मजकूर उतरवून घ्यायला सप्टेंबर 2016 पर्यंत मुदत दिली होती. ती सेवा फुकट होती. तुम्ही तर आमच्याकडून पैसे घेता.

म्हणून माझी मागणी अशी. प्रत्येक ग्राहकाला त्याच्या सर्व नोंदी, खासगी धरून, एका फाइलमध्ये उतरवून घेता याव्यात. प्रत्येक नोंदीवर तिची मूळ तारीख आणि वेळ असावी, फोटो मूळ आकारात असावेत आणि तुमचे संकेतस्थळ नसले तरी ती फाइल साध्या संगणकावर उघडावी. ही सोय होईपर्यंत अपग्रेड पुढे ढकलावे. त्यानंतरही जुने संकेतस्थळ निदान वर्षभर फक्त वाचण्यापुरते चालू ठेवावे. सूचना मराठीतही पाठवावी. आमच्या भागातले बरेच जण तुमची इंग्रजी सूचना न वाचताच सोडून देतील आणि महिनाअखेरीनंतर त्यांना कळेल.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन आणि पुढे सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार ग्राहक राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, त्यामुळे तुमची कचेरी कुठे आहे याने मला अडचण नाही.

चाचणी पानाचा आणि कॉपी केलेल्या नोंदीचा फोटो सोबत जोडला आहे. फोन करायचा झाल्यास संध्याकाळी सातनंतर करावा, सध्या दिवसभर बागेत छाटणीची माणसे आहेत.

आपला,
एक वर्गणीदार
मणेराजुरी, ता. तासगाव, जि. सांगली