सकोरा ठेवलात, आता पहाटे मांजर घरात ठेवा

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की पक्ष्यांसाठी पाण्याचे सकोरे, म्हणजे मातीची पसरट भांडी, ठेवा, असं आवाहन आपल्या दैनिकात येतं. मी दरवर्षी ठेवते. पाणी थंड राहावं म्हणून यंदा सकोरा अंगणात जास्वंदाच्या झुडपाखाली ठेवला, आणि एप्रिलमध्ये तोच एका बुलबुलाच्या पिल्लाच्या जिवावर बेतला. चूक माझी होती, म्हणून हे पत्र.

आमच्याकडे मनी नावाची चार वर्षांची मांजर आहे. त्या दिवशी सकाळी सहाच्या सुमारास मी चहा ठेवत होते. मनी मागच्या दारानं आली. एरवी ती म्याव करतच घरात शिरते, तेव्हा मात्र तोंडातून आवाज नाही. थेट कूलरच्या स्टँडखाली गेली. वाकून पाहिलं तर तोंडात बुलबुलाचं पिल्लू, शेपटीखालचा लाल रंग अजून पुरता चढायचा होता. मी ओरडले. ओरडल्यावर मांजर शिकार सोडत नाही, उलट घट्ट धरते. शेवटी तिच्या खाण्याचा डबा वाजवला, तेव्हा तिनं पिल्लू खाली ठेवलं.

पिल्लू जिवंत होतं. रक्ताचा थेंब नाही, दोन्ही पंख जागेवर. मला वाटलं, वाचलं. बुटांच्या खोक्यात ठेवलं, ड्रॉपरनं पाणी पाजायला गेले (तेही करायला नको होतं, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं), संध्याकाळपर्यंत तरतरीत झालं की सोडून देऊ म्हटलं. दुसऱ्या दिवशी पहाटे ते मेलेलं होतं. मग मी त्याच्या पिसांवर फुंकर घालून पाहिलं. पंखाखाली बरगडीवर दोन काळे ठिपके होते, मोहरीएवढे.

मी चौतीस वर्षं परिचारिका होते. मांजर चावलेले रुग्ण वॉर्डात यायचे, तेव्हा जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसली तरी आम्ही ती हलक्यात घेत नव्हतो. सुळा सुईसारखा आत जातो, वरचं भोक लगेच मिटतं आणि जंतू आतच राहतात. माणसाचा हात रात्रीतून सुजतो. मूठभर पिसांच्या जिवाला एक-दोन दिवस पुरतात. म्हणून मांजराच्या तोंडातून सुटलेला पक्षी कितीही बरा दिसला तरी त्याला त्याच दिवशी औषध मिळायला हवं. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवावं, काही खाऊ-पिऊ घालू नये आणि वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करावा. आपल्या शहरात सेमिनरी हिल्सवर वनविभागाचं जखमी वन्यप्राण्यांसाठीचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे. नागपुरात राहून मला त्या सकाळी ते आठवलं नाही, याचं अजून वाईट वाटतं.

सकोऱ्याचंही तसंच. झुडपाच्या बुडाशी मांजर दबा धरून बसतं आणि पाणी पिणाऱ्या पाखराची मान खाली असते. आता मी सकोरा कडुनिंबाच्या फांदीला दोरीनं टांगला आहे. ज्यांच्याकडे झाड नाही त्यांनी तो मोकळ्या जागी, झुडपापासून सहा-सात फूट लांब, उंचावर ठेवावा.

मनीला मारून किंवा रागावून काहीच होत नाही. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "मांजरच आहे ना बाप्पा ते, शिकार नाही करन तं काय करन?" त्यांचं खरं आहे. पोट भरलेलं मांजरही शिकार करतं, कारण भूक आणि शिकारीची ओढ या त्याच्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका उंदरानं त्याचं दिवसाचं पोट भरत नाही, म्हणून भूक लागेपर्यंत थांबून त्याचं भागत नाही. मांजरी पिल्लांना शिकवताना आधी मेलेलं, मग अर्धमेलं, मग जिवंत भक्ष्य आणून देते. शिकार घरी आणणं हे तिच्या रक्तातच आहे. पण दार कधी उघडायचं, हे आपल्या हातात आहे.

इंग्लंडमधल्या एक्झिटर विद्यापीठाच्या संशोधकांनी २१९ घरांतल्या ३५५ मांजरांवर केलेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. धान्य नसलेलं, भरपूर मांसाचं खाणं दिलेल्या मांजरांनी घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी घटली. रोज पाच-दहा मिनिटं खेळवलं तर २५ टक्क्यांनी. गळ्यात घुंगरू बांधल्यानं मात्र ठळक फरक दिसला नाही. आमच्या घरी मांसाहार नाही, मनी दूध-पोळीवर वाढली. मांजराला प्राणिज प्रथिनं लागतातच, हे मी मुलांच्या आहाराबद्दल आयुष्यभर बोलूनही तिच्याबाबत विसरले. आता तिला मांसाचं तयार खाणं देते, आणि रात्री झोपण्याआधी काडीला पीस बांधून दहा मिनिटं खेळवते. संध्याकाळी दिवे लागले की मागचं दार बंद, ते सकाळी ऊन अंगणात उतरल्यावरच उघडतं. पहिले पाच-सहा दिवस तिनं दारापाशी आकांत केला, नंतर सवय झाली. घरात आणलेली शिकार कमी झालीच, रात्रीच्या मारामाऱ्याही थांबल्या.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधते, ती मला सर्वांत जास्त घाबरवते. दोन वर्षांपूर्वी मनीनं भरदिवसा एक उंदीर आणला. तो पळत नव्हता, झोकांड्या खात होता. मी तिचं कौतुक केलं. चार दिवसांनी ती उठेना. ओठ वर करून पाहिला, तर हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. पोटावर जांभळा डाग. आमच्या गल्लीत कुणीतरी उंदरांच्या औषधाच्या वड्या टाकल्या होत्या. ही औषधं शरीरातल्या व्हिटॅमिन के चं काम बंद पाडतात, रक्त गोठत नाही, आतल्या आत स्राव होतो. हृदयाच्या रुग्णांना आम्ही जे वॉरफरिन द्यायचो ते याच जातीचं. १९४८ मध्ये ते आधी उंदरांचं विष म्हणूनच बाजारात आलं आणि माणसांसाठीची परवानगी १९५४ मध्ये मिळाली. विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस मंद होऊन हिंडतो, आणि मांजराला, पिंगळ्याला तोच आधी सापडतो. मनीला जवळजवळ चार आठवडे व्हिटॅमिन के द्यावं लागलं, तेव्हा वाचली. वड्यांऐवजी पिंजरा लावा, अशी मी गल्लीत घरोघरी जाऊन विनंती केली. सात घरांनी ऐकलं.

मांजर रात्रभर घरात बंद ठेवायला सांगणं म्हणजे त्याचा छळ, असं काही जण म्हणतील. पण विष खाल्लेल्या उंदरापासून, कुत्र्यांपासून आणि वाहनांपासून माझ्या मनीला वाचवायचा दुसरा उपाय मला तरी सापडलेला नाही.

महोदय, आपल्या सकोऱ्याच्या आवाहनाला अजून महिनाभर जागा मिळेल. त्याच चौकटीत सकोरा झुडपापासून लांब ठेवण्याची आणि संध्याकाळपासून ऊन येईपर्यंत मांजर घरात ठेवण्याची सूचना छापावी, आणि खाली १९२६ हा क्रमांक ठळक द्यावा, ही विनंती.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका
त्रिमूर्तीनगर, नागपूर