हेतूवर शंका कशाला?

परदेशी उच्चशिक्षणासाठी जाणारे तरुण वास्तुविशारद इथून पळ काढतात, हा रविवार पुरवणीतील लेखाचा सूर पटला नाही. आचऱ्याचे अच्युत कानविंदे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून १९४५ साली हार्वर्डला गेले, तेही भारत सरकारने पाठवले म्हणून. तिथे आधुनिक वास्तुकलेचे एक प्रणेते वॉल्टर ग्रोपियस यांच्याकडे शिकून परतल्यावर वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यांना मुख्य वास्तुविशारद केले; पुढे आयआयटी कानपूरचा परिसरही त्यांनीच घडवला. आज परतणाऱ्याच्या वाट्याला बहुधा बांधकाम मंजुरीसाठीचे नकाशे काढणेच येते, आणि पगारही बेताचाच! सरकारी बांधकामांत अशांना किती वाव आहे, हे लेखकाने आधी पाहायला हवे होते.

– एक वास्तुविशारद, रत्नागिरी